एक सीझन जंगलातली वाट दुरुस्त केली, त्याचा रिव्ह्यू (नाशिक, व्हॉलंटियरिंग)

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार, एक स्टार का कापला ते खाली येईलच. ग्रुपचं नाव लिहीत नाहीये कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्यात, इथे नाव घेऊन बोभाटा करायचा नाही. किल्ल्याचंही नाव लिहीत नाही कारण तिथे पावसाळ्यात रविवारी आधीच पाय ठेवायला जागा नसते. त्र्यंबक रोडच्या बाजूचा आहे एवढं पुरे, नाशिककर ओळखतील.

तर हे आहे काय. जमीन वनविभागाची, गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती, आणि शहरातला एक ट्रेकिंग ग्रुप, असं तिघांचं मिळून चालतं. ऑक्टोबर ते मे दर रविवारी वाटदुरुस्ती, फेब्रुवारीच्या आधी जाळरेषेला (वणवा अडवायला आधीच कापून जाळून ठेवलेला गवताचा पट्टा) मदत, आणि हिवाळ्यात समितीची जी कॅम्पिंगची जागा आहे तिथे शनिवारी रात्री दोन व्हॉलंटियर मुक्कामाला, म्हणजे आलेल्या लोकांची नोंद, रात्रीची शांतता, कचरा, संडासातलं पाणी हे सगळं बघायला. पैसे मिळत नाहीत, जेवण मिळतं. मी ५३ वर्षांची, बँकेत नोकरी, गुडघे ठीक आहेत. भाची मला घेऊन गेली होती, ती दुसऱ्या रविवारपासून आली नाही, मी मात्र २६ रविवार गेले.

मला हे करावंसं वाटलं त्याला कारण आहे. मुलगी ओरेगॉनला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या नॅशनल फॉरेस्टमधल्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री राहिलो, आत शिरल्या शिरल्या एक सत्तरीच्या घरातलं जोडपं ट्रेलर लावून राहिलेलं, ते तिथले कॅम्प होस्ट. त्यांना जागा फुकट आणि त्या बदल्यात संडास साफ ठेवणं, आलेल्यांना नियम सांगणं, रात्री १० नंतर कुणाचा आवाज येतोय का बघणं, आणि सकाळी लोक निघून गेले की प्रत्येक शेकोटीच्या राखेवर हात धरून बघणं की खरंच विझलीय का. त्या आजी राखेत पाणी ओतून काठीने ढवळत होत्या, परत पाणी, परत ढवळणं, आणि मग हात. मी बराच वेळ बघत उभी होते. नंतर मुलीने सांगितलं की तिकडे १९७२ साली राष्ट्रीय वनांमधल्या स्वयंसेवकांसाठी वेगळा कायदाच केलाय आणि काम करताना इजा झाली तर त्यांना सरकारी कर्मचाऱ्यासारखी भरपाई मिळते. हे लक्षात ठेवा, माझी मोठी तक्रार इथेच येऊन अडते.

आता मुख्य काम, वाट.

मला आधी वाटायचं डोंगरातली वाट माणसांच्या पायांनी खराब होते. ते अर्धंच खरं आहे. ग्रुपमधले जे शिकवतात ते दादा पहिल्याच दिवशी म्हणाले, ताई वाटेचा शत्रू पाणी, माणूस फक्त पाण्याला रस्ता दाखवतो. म्हणजे लोक वळणावरून न जाता सरळ शॉर्टकट मारतात, तिथलं गवत मरतं, माती उघडी पडते, पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या सरळ रेषेत उतरतं आणि एका सीझनमध्ये पाऊलवाटेचा ओहोळ होतो, मग ओहोळात चालता येत नाही म्हणून लोक बाजूने चालतात आणि तिथे दुसरी वाट, मग तिसरी. आमच्या पट्ट्यात एका ठिकाणी शेजारी शेजारी पाच वाटा झाल्या होत्या आणि मधली माझ्या कमरेइतकी खोल. नाशिक शहरात वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, पण इगतपुरीकडे तोच ३००० च्या वर जातो, त्र्यंबककडच्या डोंगरांवरही तो शहरापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा पाण्याचा जोर काय असेल बघा.

यावर करायचं काय तर पाण्याला थोड्या थोड्या अंतरावर वाटेवरून बाहेर काढून द्यायचं. वाटेला तिरका असा दगडांचा आडवा पाट बसवायचा, दगड एकाला एक खेटून, प्रत्येक दगड दोन तृतीयांश जमिनीत गेला पाहिजे, वर दिसतो तेवढाच दगड बसवला तर पहिल्या म्हशीच्या पायाने निघतो. आणि वाट दरीच्या बाजूला अगदी किंचित उतरती ठेवायची म्हणजे पाणी वाटेवर धावत न जाता कडेने गळून जातं, किती उतरती तर पाण्याची बाटली आडवी ठेवली की हळू घरंगळली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं पण एक पाट बसवायला आम्हा चौघांना सकाळचे तीन तास लागायचे. आपला काळा दगड जड असतो, पहारीने उचकटायचा, गोणत्यात घालून दोघांनी ओढायचा, आणि बसवल्यावर त्यावर उभं राहून नाचायचं, हलला की परत काढायचा. मी पहिल्या महिन्यात बसवलेले दोन पाट त्या दादांनी माझ्यासमोर उखडले आणि परत बसवायला लावले. राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं, खाली मुरूम दाबलेला नव्हता.

शॉर्टकट बंद करायचं काम वेगळंच. बोर्ड लावून कुणी ऐकत नाही. बोरीच्या काटेरी फांद्या टाकायच्या, खाली मोठे दगड ओबडधोबड पसरायचे म्हणजे चालायला नको वाटलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे खरी वाट इतकी सोपी करायची की तिच्यावरून जावंसं वाटेल. हे शेवटचं मला फार पटलं. लोक मुद्दाम नासधूस करत नाहीत, त्यांना जे सोपं दिसतं तिकडे ते जातात. करवंदीची जाळी आपोआप वाढते तिथे आणि दोन वर्षांत शॉर्टकट दिसतही नाही असं म्हणतात, मी पुढच्या वर्षी बघून सांगेन.

अवजारं समितीची असतात, टिकाव, फावडं, घमेलं, पहार, कोयता. एक मात्र ग्रुपने खास लोहाराकडून करून घेतलंय, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं, याला अमेरिकेत पुलास्की म्हणतात, १९१० मध्ये तिकडे जो प्रचंड वणवा लागला होता त्यातल्या पुलास्की नावाच्या रेंजरवरून. मुळं तोडायची आणि लगेच तिथलीच माती ओढायची, हात बदलावा लागत नाही. गावातल्या काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतःसाठी एक करून घेतलं.

आणि या काकांबद्दल लिहायलाच हवं. समितीचे चार जण आमच्याबरोबर असतात, त्यांना रोज म्हणजे दिवसाची मजुरी मिळते, आम्हाला नाही, आणि हे असंच असलं पाहिजे. सुरुवातीला ग्रुपमधल्या एकाने सुचवलं की व्हॉलंटियर इतके येतायत तर मजुरीचा खर्च वाचवता येईल. त्यावर दादांनी स्पष्ट नाही म्हटलं आणि मला त्या दिवशी या ग्रुपबद्दल आदर वाटला. आपल्याकडे डोंगरावरचे समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले) रोजगार हमीवर लोकांनी खणलेत, ७२ च्या दुष्काळात या कामांवर घरं जगली, जंगलातलं काम हे गावाचं उत्पन्न आहे. शहरातून आलेल्या माणसाने फुकट काम करून ते काढून घ्यायचं नसतं. आम्ही जे करतो ते त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या कामाच्या वर भर म्हणून. कोणत्याही अशा ग्रुपला जॉइन व्हायच्या आधी हा प्रश्न विचाराच, की गावातल्या किती जणांना तुम्ही रोज देता. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा ग्रुप बघा.

एक दिवसाचे व्हॉलंटियर हा माझा दुखरा विषय आहे. कंपन्यांच्या बस येतात, ४० जण, एकसारखे टी शर्ट, सेल्फी, आणि ११ वाजता सावली शोधतात. त्यांची मनं चांगली असतात हे मी मान्य करते, पण त्या ४० जणांना दगड कसा धरायचा ते शिकवण्यात आमचा पूर्ण रविवार जातो, त्यांनी बसवलेलं पुढच्या रविवारी आम्ही काढतो, आणि त्या ४० जणांच्या येण्याजाण्याने वाटेची जी माती निघते ती वेगळीच. मी हिशोब ठेवला होता डायरीत, नोव्हेंबरात असे दोन रविवार झाले आणि त्या महिन्यात आमचे फक्त तीन पाट पूर्ण झाले, डिसेंबरात एकही बस नव्हती तर सात झाले. म्हणून सांगते, यायचं तर किमान सहा रविवार येण्याच्या तयारीने या. तिसऱ्या रविवारपासून हाताला कळायला लागतं की कुठला दगड कुठे बसेल. एकदाच यायचं असेल तर नुसते फिरायला या, वळणावरून चाला, शॉर्टकट मारू नका, तेवढीही मोठी मदत आहे.

झाडं, फुलं, पक्षी याबद्दल. हे ट्रेनिंगमध्ये फार कमी होतं आणि जे होतं ते बाहेरून आलेल्या एका बॉटनीच्या मॅडमनी एका दुपारी सांगितलं. आपल्या अंजनेरीच्या नावाने एक कंदीलपुष्पाची जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं, पावसाळ्यात उगवते आणि नंतर वर काहीच दिसत नाही, फक्त जमिनीत कंद. म्हणजे जानेवारीत आपल्याला नुसती सुकलेली माती दिसते, तिथे टिकाव मारला तर खाली काय आहे ते कळणारच नाही. त्या दिवसापासून आम्ही पठारावरची माती उचलायची बंद केली, मुरूम लागला की खालच्या ओहोळातून गोणीने वर आणतो, वेळ दुप्पट लागतो पण दुसरा मार्ग नाही. हे ज्ञान पहिल्या रविवारी द्यायला हवं होतं, दहाव्या नाही. आणि बोरगड इतकं जवळ आहे, २००८ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव झालं ते, म्हसरूळवरून अर्ध्या तासावर, तिथे नव्या व्हॉलंटियरना एक चक्कर मारून आणली तरी राखलेला डोंगर आणि मोकळा सोडलेला डोंगर यात फरक काय ते डोळ्यांनी दिसेल. हे मी सुचवलंय, अजून झालेलं नाही.

जाळरेषेबद्दल थोडक्यात. आगीचा सीझन १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याआधी गवताचे पट्टे कापून जाळून घेतात म्हणजे वणवा आला तर तिथे थांबावा. जाळायचं काम फक्त वनरक्षक आणि वनमजूर करतात, आम्ही कापलेलं गवत ओढायचं, पाण्याचे कॅन वाहायचे, कडेला ओल्या डहाळ्या घेऊन उभं राहायचं आणि ठिणगी बाहेर पडली की झोडपायची. धूर डोळ्यांत जातो, दोन दिवस खोकला राहतो, दमा असेल तर येऊच नका. खरा वणवा मी एकदाच लांबून पाहिला, मार्चमध्ये, समोरच्या डोंगरावर रात्री लाल माळ सरकत होती. काका म्हणाले कुणी मोहाची फुलं वेचायला खालचा पाला पेटवला असेल किंवा नुसती बिडी, कारण छोटंच असतं. अशा वेळी १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, आपण घाटातून गाडीने जाताना दिसला तरी करा.

आता कॅम्प होस्टिंग, ज्यासाठी मी खरं तर आले होते. नऊ रात्री केलं. जागा सुंदर आहे, धरणाच्या पाण्यापासून थोडं वर, आंब्याची जुनी झाडं, १२ तंबू लागतात, थंडीत पहाटे पाण्यावर धुकं. आमचं काम दुपारी ४ ला सुरू. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि माणसं वहीत, सगळ्यांना चहा देऊन पाच मिनिटं नियम सांगायचे, शेकोटी फक्त ठरलेल्या तीन ठिकाणी, लाकूड समितीकडून विकत घ्यायचं, आसपासची काटकी उचलायची नाही, स्पीकर बंद, दारू बंद, कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा.

ऐकतात का लोक? बहुतेक ऐकतात, खरंच. माझा अनुभव असा की नियम आल्याआल्या चहाबरोबर सांगितले तर भांडण होत नाही, रात्री ११ वाजता जाऊन सांगितले तर होतंच. ३१ डिसेंबरला एक आठ मुलांचा ग्रुप होता, त्यांनी आकाशकंदील आणले होते, ते पेटवून हवेत सोडायचे कागदी. चारी बाजूला गुडघाभर सुकलेलं गवत. मी त्यांना घेऊन मागच्या उतारावर गेले, टॉर्च मारून मागच्या वर्षीच्या आगीत जळलेला सादडा दाखवला, एका बाजूने कोळसा झालेला आणि दुसऱ्या बाजूने पालवी आलेला. एक मुलगा त्या कोळशाला हात लावून बघत होता. कंदील त्यांनी माझ्या हातात दिले, आणि सकाळी त्यातल्याच दोघांनी माझ्याबरोबर शेकोट्यांवर पाणी ओतलं. ओतायचं, ढवळायचं, परत ओतायचं, मग हात. मुलीला व्हिडिओ पाठवला त्याचा.

पण बाई म्हणून सांगते, बायकांसाठी तिथली सोय कमी पडते. दोन संडास आहेत, एकाचं दार आतून लागत नव्हतं आणि हे मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं तर कडी बसली फेब्रुवारीत, ती पण मी सातपूरहून स्वतः नेली. पाणी टँकरने येतं, शनिवारी १२ तंबू भरले की रात्री ९ ला संपतं. होस्टचा तंबू गेटजवळ आहे आणि रात्री गाड्यांचे लाइट थेट तोंडावर येतात. दोन व्हॉलंटियरपैकी एक तरी बाई असावी असा नियम आहे म्हणतात पण माझ्या नऊ रात्रींपैकी चार रात्री मी एकटी बाई आणि दुसरं कुणी आलंच नाही, समितीच्या काकू त्यांच्या घरून अंथरूण घेऊन माझ्या सोबतीला येऊन झोपल्या. त्यांना त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, मी द्यायला गेले तर घेतले नाहीत. हे मला आजही खटकतं आणि कापलेल्या स्टारचा अर्धा भाग या चार रात्रींचा आहे.

उरलेला अर्धा विम्याचा. जानेवारीत एका कॉलेजच्या मुलाच्या पायावर दगड घसरला, अंगठ्याचं हाड मोडलं. फर्स्ट एड बॉक्स उघडला तर त्यात क्रेप बँडेज नव्हतं, पेनकिलर एक्स्पायर झालेली. काकांनी बांबूच्या चिपा आणि माझी ओढणी बांधून त्याला पाठीवर खाली आणलं, दीड तास. हॉस्पिटलचं बिल घरच्यांनी भरलं. रजिस्ट्रेशनचे ५०० रुपये प्रत्येकाकडून घेतले होते, त्यात टी शर्ट आला, बॅज आला, विमा नाही. मी मीटिंगमध्ये विचारलं तर फॉर्मवर स्वतःच्या जबाबदारीवर असं लिहिलंय हे उत्तर मिळालं. हे उत्तर मला मान्य नाही. तुम्ही माणसाच्या हातात पहार देता तर त्याच्या पायाची काळजी तुमची. ग्रुप अपघात विमा काढायचा, सीझनच्या सुरुवातीला, टी शर्ट नाही दिला तरी चालेल. पुढच्या सीझनला काढणार असं त्यांनी आता लेखी दिलंय, तो मेल माझ्याकडे आहे, काढला की मी इथे येऊन पाचवा स्टार लावेन.

जेवण मात्र पैकीच्या पैकी. काकूंच्या घरचं, नागलीची भाकरी, उडदाची आमटी किंवा पिठलं, खरपूस भाजलेल्या मिरचीचा ठेचा, डिसेंबरात वालाच्या शेंगांची भाजी. माणशी ठरलेली रक्कम ग्रुप त्यांना देतो आणि ती वेळेवर देतो, हे मी काकूंनाच विचारून खात्री केली.

काय आणायचं. जुने बूट चालतील पण अंगठा झाकणारे आणि जाड सोलचे, सँडल अजिबात नको, वर लिहिलंय का ते. बागकामाचे नाही, बांधकामवाले वापरतात तसे हातमोजे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. पाणी ३ लिटर. अत्तर, डिओ, सुगंधी तेल काहीही लावून येऊ नका, कड्यांवर आग्या मोहोळ असतं. सकाळी पावणेसहाला निघावं लागतं, गाडी नसेल तर त्र्यंबकची बस पकडून फाट्यावर उतरायचं, पुढे ग्रुपची जीप असते. मी पपया नर्सरीहून बसते. परत येताना ३ वाजतात, रविवारची झोप होत नाही, सोमवारी काउंटरवर बसताना पाठ बोलते, पहिले दोन महिने तरी.

कुणी जावं? निवृत्त माणसांनी नक्की, कारण या कामाला जोर लागतो त्यापेक्षा सातत्य जास्त लागतं. कॉलेजच्या मुलांनी सर्टिफिकेटसाठी येऊ नये, सर्टिफिकेट वेळेवर मिळत नाही. लहान मुलांना वाटदुरुस्तीला आणू नका, कॅम्पवर आणा, तिथे त्यांना कचरा वेगळा करायचं काम फार आवडतं.

सीझन मे मध्ये संपला, पण जूनच्या शेवटी धो धो पाऊस लागला तेव्हा मला राहवेना. दादांना फोन केला, ते म्हणाले मी पण तेच म्हणणार होतो. आम्ही दोघं आणि काका, इरलं घेऊन काका पुढे, भर पावसात वर गेलो, फक्त बघायला की पाणी कुठून जातंय. वर्षभरात आमच्या पट्ट्यात १९ पाट झाले होते. पहिल्या पाटापाशी लाल पाणी वाटेवरून धावत आलं, दगडाला लागलं, वळलं, आणि कडेने गवतात उतरलं. दुसऱ्यालाही तसंच. मी मोजत वर गेले. चौदा पाट चालू होते, पाच गाळाने भरलेले, ते आम्ही तिथेच हाताने मोकळे केले, त्यातले दोन मी बसवलेले, वरच्या वळणाजवळचे, त्यांचा कोन चुकलाय, पाणी दगडावरून उडी मारून जातंय. काका म्हणाले आता हात लावू नका, माती ओली आहे, अजून निघेल. डायरीत लिहून ठेवलंय, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात तिथून.